दुपट्याखालच्या बाटल्या

मित्रांनो, मी एक जुनी बाबागाडी आहे. माझे छप्पर एका बाजूने उसवले आहे, मागचे डावे चाक कुरकुरते आणि कोणी जवळ येऊन हुंगले तर त्याला व्हिनेगरचा वास येतो. बाबागाडीला दुधाचा वास यावा, पावडरीचा यावा. हा आंबट वास कुठून आला, असा प्रश्न तुम्हाला पडेल. तेच सांगायचे आहे. जरा सावरून बसा, कारण माझी गोष्ट सपाट रस्त्यावर सुरू होते आणि पुढे उताराला लागते.

माझा जन्म सायकलच्या दुकानात झाला. माझ्या कर्त्याने तोवर फक्त सायकलीच जोडल्या होत्या. बाबागाडी त्याने आयुष्यात एकच बनवली, ती मी. त्यामुळे मला सायकलची घंटी आहे, सायकलच्या मुठी आहेत आणि मागे लाल दिवासुद्धा आहे. एवढे सगळे हौसेने लावताना ब्रेक लावायचा मात्र तो विसरला. बाळ असे कितीसे वेगाने जाणार, असे त्याला वाटले असेल.

मला विकत घेतले एका नर्सबाईंनी. त्या जवळच्या दवाखान्यात कामाला होत्या. शेजारीपाजारी त्यांना सिस्टर म्हणत, दूधवाला सिस्टर म्हणे, आणि लग्नानंतर थोड्याच दिवसांत त्यांचे यजमानही त्यांना सिस्टर म्हणू लागले. त्यांना मुलगा झाला. तो इतका गुटगुटीत होता की त्याचे ठेवलेले नाव बाजूला राहिले आणि ढब्बू हेच नाव चिकटले. माझे डावे चाक कुरकुरू लागले ते त्याच्याच कारकिर्दीत. आज हा ढब्बू इतका वाळका आहे की वारा सुटला की त्याची बायको त्याचा दंड धरून चालते. पण माझे चाक त्याला विसरलेले नाही.

ते माझे वैभवाचे दिवस होते. रस्त्याने जाणारी माणसे थांबत, वाकून आत बघत, बाळाचे गालगुच्चे घेत आणि जाता जाता माझ्याही छपरावर हात फिरवत. ढब्बू चालू लागला तशी मी गल्लीतल्या घराघरांत उसनी जाऊ लागले. मग घडी घालता येणाऱ्या हलक्या गाड्या निघाल्या. त्यांच्यापुढे मी जाडजूड दिसू लागले आणि एक दिवस मला माळ्यावर ढकलण्यात आले.

माळ्यावर माझ्या सोबतीला एक मोडका पंखा, तारा बाहेर आलेली छत्री आणि चाळणी झालेली मच्छरदाणी होती. आम्ही एकमेकांशी फारसे बोलत नसू. सगळ्यांचे दुःख सारखेच असले की सांगायचे तरी काय? एका उंदरीणबाईची दोन बाळंतपणे माझ्यात झाली. त्या काळात मला तेवढाच मान.

माळ्यावरून घरातले सगळे ऐकू येई. सिस्टर निवृत्त झाल्याचे मी ऐकले. त्यांचे यजमान आधीच निवृत्त झाले होते. ते बसस्थानकावर घोषणा करण्याच्या नोकरीत होते. तिथे दिवसभर इतके बोलत की घरी येईपर्यंत 'बरं' हा एकच शब्द त्यांच्याजवळ शिल्लक उरे. गल्लीत त्यांना घोषणाकाका म्हणत, पण गल्लीतल्या कोणी त्यांची घोषणा कधी ऐकली नव्हती. मग ढब्बूचे लग्न झाले. सूनबाई हसऱ्या आहेत हे मला त्यांना न पाहताच कळले. त्या हसू लागल्या की फळीवरची भांडी वाजत. आणि एके दिवशी खालून ती बातमी वर आली. सूनबाईंना दिवस गेले होते.

मित्रांनो, लोखंडाला शहारे येत नाहीत असे कोण म्हणते? मी रोज जिन्यावरच्या पावलांकडे कान लावून बसू लागले.

पण खाली वेगळेच काही शिजत होते. आमच्या गल्लीच्या कडेला, एका बुटक्या भिंतीपलीकडे, मोकळे मैदान आहे. मुले तिथे अनवाणी खेळत आणि पाय कापून घेऊन सिस्टरांकडे येत. त्या दवाखान्यात होत्या तेव्हा तिथे येत, निवृत्त झाल्यावर घरी येऊ लागली. सिस्टर चिमट्याने काच काढत, औषध लावून पट्टी बांधत आणि चपला घालून खेळायला बजावत. मुले माना डोलवत आणि जिना उतरताच चपला हातात घेऊन पळत.

एका दुपारी गल्लीतले शिंपीदादा आपल्या धाकटीला उचलून धावत आले. तिच्या टाचेत फुटक्या बाटलीचे बूडच शिरले होते. सिस्टर तिला दवाखान्यात घेऊन गेल्या. टाके पडेपर्यंत पोरगी त्यांच्या हाताला चावून बसली होती. संध्याकाळी परत आल्यावर सिस्टरांनी तो हात धुतला, दातांचे वळ पाहिले आणि त्या यजमानांना म्हणाल्या, "आयुष्यभर मी पायातून काच काढली. आता मैदानातून काढणार."

"बरं," घोषणाकाका म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सिस्टर घरोघरी फिरल्या. मैदानात काच कोण टाकते, हे त्यांना शोधायचे होते. प्रत्येक घराने शेजारच्या घराकडे बोट दाखवले. गल्ली गोल नाही म्हणून बरे, नाहीतर बोट फिरून परत पहिल्या घराशी आले असते. खरी गोष्ट अशी होती की कचऱ्याच्या गाडीवरची माणसे काच घेत नसत, कारण त्यांचे हात कापत. भंगारवाला घेत नसे, कारण ओझे फार आणि हाती काही लागत नसे. घरातल्या फळ्या रिकाम्या बरण्यांनी भरलेल्या. मग ज्याला जसे जमेल तसे, इकडेतिकडे बघून, तो आपली बाटली भिंतीवरून पलीकडे टाकी. पलीकडे म्हणजे कुठेच नाही, असा सगळ्यांचा समज होता.

सिस्टर बस पकडून गावाबाहेरच्या काचेच्या कारखान्यात गेल्या. तिथल्या साहेबांनी सांगितले की जुनी काच आम्हाला हवीच असते, ती वितळवून नव्या बाटल्या होतात. पण ती धुतलेली हवी, झाकणे काढलेली हवी, पांढरी, हिरवी आणि तपकिरी वेगवेगळी हवी, आणि मुख्य म्हणजे ट्रकभर हवी. दोन पिशव्यांसाठी ट्रक पाठवता येत नाही. सिस्टर म्हणाल्या की ट्रक भरेल. साहेबांनी अदबीने विचारले, "तुमच्या संस्थेत किती माणसं आहेत?"

"सध्या दीड," सिस्टर म्हणाल्या. यजमानांना त्यांनी अर्धे धरले होते.

काच साठवायला जागा हवी होती. वसाहतीची जुनी पंपाची खोली रिकामीच पडली होती, पण तिची किल्ली अध्यक्षांकडे असे. आमच्या वसाहतीचे हे अध्यक्ष उंच, रुबाबदार गृहस्थ. ऊन असो, सावली असो, त्यांच्या डोक्यावर हॅट. घरात दार उघडायलाही ते हॅट घालूनच येत. वसाहतीच्या शोभेवर त्यांचा फार जीव. काचा गोळा करणे हे काही शोभेचे काम नव्हे, असे त्यांनी सिस्टरांना समजावून सांगितले. सिस्टरांनी शांतपणे ऐकून घेतले. मग इंजेक्शनच्या वेळी ते दवाखान्यात काय करत असत, याची त्यांनी अध्यक्षांना हळू आवाजात आठवण करून दिली, आणि ही गोष्ट आपण आजवर कोणाजवळ बोललेलो नाही हेही सांगितले. किल्ली मिळाली. अट एकच होती. नवा पंप बसवायला माणसे येतील त्या दिवशी खोली रिकामी करायची.

आता राहिले वाहन. पहिल्या दिवशी सिस्टरांनी पिशवी नेली, ती बुडातून फाटली. दुसऱ्या दिवशी ढब्बूच्या लग्नातली सुटकेस काढली. जिन्यात तिची मूठ सिस्टरांच्या हातात राहिली आणि सुटकेस एकटीच खाली गेली. तिसऱ्या दिवशी माळ्याला शिडी लागली.

मी मनात म्हटले, आली वेळ. मला खाली उतरवले, धूळ झटकली, चाकांना तेल दिले. उंदरीणबाईचा संसार बाहेर काढला. मी पोट आत घेऊन, घंटी सावरून वाट पाहू लागले. आणि माझ्यात काहीतरी थंडगार येऊन पडले. बाळ इतके गार कसे, म्हणून बघते तो काय, सॉसची बाटली! तिच्या शेजारी जॅमची बरणी निजवली. वर खोकल्याच्या औषधाच्या दोन बाटल्या आल्या, जुळ्या.

सूनबाई दारात उभ्या होत्या. त्यांनी विचारले, "आई, मग बाळाला गाडी?"

"तुझे दिवस भरायच्या आत ट्रक भरते बघ," सिस्टर म्हणाल्या. "मग गाडी उकळत्या पाण्याने धुऊन तुझ्या ताब्यात देते."

त्या वचनावर मी निघाले. गल्लीत पाऊल टाकते न टाकते तोच पलीकडच्या आजी भेटल्या. या आजींचा चष्मा नेहमी घरी राहतो आणि त्या नेहमी बाहेर असतात. बाबागाडी दिसताच त्या वाकल्या आणि सॉसच्या बाटलीकडे कौतुकाने बघत राहिल्या. वर्ण थोडा लालसर आहे पण अंगाने भरलेले आहे, असे त्यांनी सांगितले. मानेवर हात ठेवून पाहिला आणि बाळ गार पडले आहे, टोपडे घाला, असे बजावले. सिस्टरांनी त्यांना ती बाटली आहे म्हणून सांगितले. आजी म्हणाल्या, "असू दे हो. आपलं ते आपलं."

सुरुवातीला लोकांनी आम्हाला काय काय दिले! फुटका आरसा दिला, कान तुटलेले कप दिले, विजेचे गेलेले दिवे दिले. एकाने चष्म्याची एक काच दिली. कारखान्यात यातले काहीच चालत नाही, हे सिस्टर दारोदार सांगत. अर्धा सॉस असलेली बाटली कोणी दिली तर ती तिथेच परत करत आणि म्हणत की बाटली धुवायला डॉक्टर लागत नाही. माझे हाल तर विचारू नका. एकदा व्हिनेगरची बाटली झाकण सैल असताना माझ्यात आडवी झाली. तेव्हापासून माझ्या अंगाला तो वास आहे.

तरीही काच फारशी जमत नव्हती. कारण हळूहळू कळले. लोकांना बाटल्या द्यायला हरकत नव्हती, बाटल्या दिसायला हरकत होती. कोणाला आपण रोज झोपेचे औषध घेतो हे कळू द्यायचे नव्हते. कोणाच्या घरी घरगुती म्हणून वाढलेला जॅम दुकानातला होता. शिंपीदादांची बायको गोरे होण्याचे काहीतरी लावत होती. आणि मी तर उघडी. माझ्यात जे पडे ते अख्खी गल्ली बघे.

हे लक्षात आले त्या दिवशी सिस्टरांनी घरात जाऊन ढब्बूचे जुने दुपटे आणले. माझे छप्पर पुढे ओढले, बाटल्यांवर दुपटे घातले आणि प्रत्येक दारात तेच वाक्य म्हटले, "मी नर्स होते. कोणाला काय झालंय ते मी कधी कोणाला सांगितलं नाही. आत हात घाला, बाटली ठेवा, दुपटं ओढा."

मग मात्र काच आली. लोक दुपटे उचलत, बाटली ठेवत आणि जाताना दुपटे नीट खोचत. काही जण तर सवयीने थोपटतसुद्धा. पंपाच्या खोलीत पांढऱ्या, हिरव्या आणि तपकिरी काचेचे तीन ढीग वाढू लागले. मैदानातली जुनी काच सिस्टर स्वतः जाड हातमोजे घालून वेचत. घोषणाकाका चाळणी धरून मागे उभे राहत. सूनबाईंना डॉक्टरांनी रोज चालायला सांगितले होते, म्हणून संध्याकाळची फेरी त्यांनी घेतली. पुढे मी झाकलेली, मागे सूनबाईंचे पोट. हे पाहून नवे बिऱ्हाडकरू आपसांत कुजबुजत की पहिले अजून गाडीत आहे तोच दुसरे! सूनबाईंना ते ऐकू येई आणि त्यांना माझी मूठ धरून हसण्यासाठी थांबावे लागे.

फक्त एका घरातून कधी बाटली आली नाही. अध्यक्षांचे दार आमच्यासाठी अर्धेच उघडे आणि त्यांच्याकडे काचेचे काही नसते, असे सांगून मिटे. मैदानात मात्र सिस्टरांना त्यांच्या घरामागच्या भिंतीखाली लहान हिरव्या बाटल्या सापडत. सगळ्या एकसारख्या, लेबल नखाने खरवडलेले. त्यात काय असावे यावर गल्लीत नाना तर्क चालत, आणि ते काही फारसे सभ्य नव्हते. सिस्टर त्या बाटल्या मुकाट्याने उचलून हिरव्या ढिगात टाकत.

असे दिवस चालले होते आणि नवा पंप आला. अध्यक्षांनी निरोप पाठवला की उद्या खोली रिकामी हवी. ढीग मोठे झाले होते, पण ट्रकभर झाले होते का, याची सिस्टरांनाही खात्री नव्हती. त्यांनी कारखान्याला फोन करून ठामपणे सांगितले की ट्रक पाठवा. फोन ठेवल्यावर त्यांच्या कपाळावरचा घाम मी पाहिला. हातात सुई असताना त्यांना असा घाम कधी आला नसेल.

ट्रक सकाळी आला आणि गल्लीच्या तोंडाशी, उताराच्या तळाला उभा राहिला. गल्ली अरुंद, त्यामुळे दुसऱ्या वाहनाला वाटच उरली नाही. सगळ्यांनी हातोहात काच भरली. खोली मोकळी झाली. ट्रक मात्र मोकळाच दिसत होता. ड्रायव्हर भला माणूस होता, पण त्याने मान हलवली. तो सिस्टरांना म्हणाला, "ताई, एवढ्यावर मी गेलो तर साहेब पुन्हा गाडी पाठवणार नाहीत. आज भरली तर भरली."

सिस्टर ट्रककडे बघत राहिल्या. शिंपीदादांची धाकटी त्यांच्या पदराला धरून उभी होती. टाके पडलेला पाय ती अजून जपून टाकत होती. 

तेव्हा घोषणाकाका उठून घरात गेले. बाहेर आले ते स्वयंपाकघरातले तेलाचे नरसाळे घेऊन. ते गॅलरीत उभे राहिले, त्यांनी नरसाळे तोंडाला लावले आणि कित्येक वर्षे घरात बंद पडलेला तो आवाज गल्लीभर घुमला.

"प्रवाशांनी कृपया इकडे लक्ष द्यावे. काचेच्या कारखान्याकडे जाणारी गाडी गल्लीच्या तोंडाशी उभी आहे. ज्यांच्या बाटल्या व बरण्या अद्याप घरातच आहेत, त्यांनी त्या त्वरित गाडीत आणून बसवाव्यात. गाडी भरल्याशिवाय सुटणार नाही. प्रवाशांनी आपापली झाकणे स्वतः सांभाळावीत."

सिस्टर तोंडावर हात ठेवून वर बघत होत्या. आणि मित्रांनो, दारे उघडली. त्या आवाजात काय होते कोण जाणे. माणसे गाडी चुकेल या भीतीने पळत सुटली. पलंगाखालून, माळ्यांवरून, कपाटांमागून बाटल्या निघाल्या. दुपट्याचीसुद्धा कोणाला आठवण राहिली नाही. शिंपीदादांच्या बायकोने गोरे होण्याची बाटली डोक्यावर धरून आणली. ट्रक भरत आला. शेवटी फक्त एक कोपरा उरला.

सिस्टरांनी माझी मूठ धरली आणि मला उताराच्या वर, अध्यक्षांच्या दारात नेले. दार अर्धे उघडले. सिस्टर हळूच म्हणाल्या, "छप्पर पुढे ओढलंय. दुपटं आहे. कोणी बघणार नाही."

अध्यक्षांनी गल्लीकडे एकदा नजर टाकली. मग त्यांनी दार पूर्ण उघडले आणि आतले एक मोठे कपाट उघडले. कपाट वरपासून खालपर्यंत हिरव्या बाटल्यांनी भरले होते. या बाटल्यांची लेबले शाबूत होती, आणि तेव्हा मला त्या हॅटचा उलगडा झाला. ते केस उगवण्याचे तेल होते. कपाट भरले की मगच बाटल्या भिंतीवरून जात असाव्यात.

"सिस्टर, एवढं लावलं," अध्यक्ष खाली बघत म्हणाले, "एक केस उगवला नाही."

"मग निदान बाटली तरी कामाला येईल," सिस्टर म्हणाल्या आणि एकेक बाटली माझ्यात ठेवू लागल्या. मी काठोकाठ भरले. दुपटे चारी बाजूंनी खोचले. गाडी मीच खाली नेतो, असे अध्यक्षांनी सांगितले. दुसऱ्या कोणावर त्यांचा विश्वास नव्हता.

आम्ही उतार निम्मा उतरलो आणि पलीकडच्या आजी समोरून आल्या. बाबागाडी पाहून त्या थांबल्या, वाकल्या आणि त्यांनी दुपट्याचे टोक धरले. अध्यक्षांनी घाईघाईने त्यांचा हात धरला. एका हाताने ऐकेनात म्हणून दोन्ही हातांनी धरला.

म्हणजे माझी मूठ धरायला कोणीच उरले नाही. आणि ब्रेक तर मला कधी नव्हताच.

मी निघाले. आधी हळू, मग जोरात, मग अशी की माझी घंटी आपोआप वाजू लागली. कोणीतरी ओरडले, "बाळ! गाडीत बाळ आहे!" झाले. ज्यांनी महिनोन् महिने स्वतःच्या हाताने माझ्यात बरण्या ठेवल्या होत्या, त्यांनाही त्या क्षणी बाळच दिसले. शिंपीदादा गळ्यात टेप घेऊन धावले. ढब्बू धावला. घोषणाकाका नरसाळ्यातून रस्ता मोकळा करायच्या सूचना देऊ लागले. सगळ्यांत पुढे अध्यक्ष होते. उंच माणूस, लांब टांगा, आणि त्या वाऱ्यात त्यांची हॅट उडाली ती सरळ मैदानात गेली.

ड्रायव्हरने ट्रकच्या फळीवरून उडी मारली, पाय रोवले, हात पसरले आणि मला छातीवर घेतले. आम्ही दोघेही ट्रकवर आदळलो. आत काही हलले नाही, दुपटे इतके घट्ट खोचलेले होते. पण रडण्याचा आवाज येत नाही हे पाहून त्याचा चेहरा पांढरा पडला. त्याने दुपटे बाजूला केले आणि एक बाटली उचलली. घाबरलेल्या माणसाने करावे तसे त्याने लेबल मोठ्याने वाचले, "एका महिन्यात घनदाट केस."

 मग सगळ्यांच्या माना एकदमच अध्यक्षांकडे वळल्या. ते गुडघ्यांवर हात टेकून धापा टाकत होते आणि त्यांचे डोके उन्हात लखलखत होते. तेवढ्यात आजी पोहोचल्या. त्यांनी समोर चमकणाऱ्या त्या गोल डोक्यावर मायेने हात फिरवला आणि म्हणाल्या, "सापडलं ना बाळ? बघा, किती घाबरलंय ते."

आधी अध्यक्षच हसले. खरे सांगते, त्यांना हसताना मी पहिल्यांदाच पाहिले. मग गल्ली हसली. सूनबाई तर ट्रकच्या फळीला धरून इतक्या हसल्या की डोळ्यांतून पाणी आले, मग त्या खाली बसल्या, आणि मग त्यांचे हसणे थांबले.

"आई," त्या म्हणाल्या, "आता हे हसू नाहीये."

सिस्टरांनी त्यांच्या पोटावर हात ठेवला आणि चेहऱ्यावरची रेषसुद्धा न हलवता हुकूम सोडायला सुरुवात केली. गल्लीतून दुसरी गाडी निघणे शक्य नव्हते, म्हणून सूनबाई ट्रकमध्ये पुढे बसतील. ढब्बूने घाबरणे बंद करून कपड्यांची पिशवी घेऊन सायकलवर यावे. पहिलटकरीण आहे, वेळ आहे, तेवढ्यात तो कोपरा भरून घ्या. अध्यक्षांनी आपल्या बाटल्या स्वतःच्या हाताने ट्रकमध्ये रचल्या आणि फळी लावली. सिस्टर सुनेला धरून पुढे बसल्या. घोषणाकाकांनी नरसाळे तोंडाला लावले. गाडी सुटत आहे, एवढे त्यांनी नीट म्हटले. "प्रवाशांचा प्रवास," असे म्हणाले आणि नरसाळे खाली करून नुसता हात हलवत राहिले.

ड्रायव्हरने नंतर सांगितले की एवढी काच घेऊन इतका हळुवार ट्रक त्याने जन्मात चालवला नव्हता. खड्डा आला की मागून बाटल्या किणकिणत आणि पुढून सिस्टर ओरडत. संध्याकाळी सूनबाईंना मुलगी झाली. ट्रक कारखान्यात उशिरा पोहोचला. साहेबांनी उशिराचे कारण विचारले, ते ऐकले आणि सांगितले की त्या दीड माणसांच्या संस्थेकडे पुन्हा बोलावतील तेव्हा ट्रक जाईल.

मग माझी पाळी आली. सिस्टरांनी वचन पाळले. उकळते पाणी ओतून त्यांनी मला दोनदा घासले, उन्हात वाळवले, गादी नवी शिवून घेतली. सूनबाई बाळाला घेऊन दारात आल्या. सिस्टरांनी शेवटचे म्हणून माझ्या शिवणीतून बोट फिरवले आणि ते बाहेर काढले तर बोटाच्या टोकावर रक्ताचा थेंब होता. कुठल्या तरी बरणीची इवलीशी कपची शिवणीत राहिली होती. त्यांनी बोट पदराला पुसले. मग म्हणाल्या, "हिच्यात बाळ नाही घालायचं."

मला वाईट वाटले. इतके दिवस ज्याची वाट पाहिली ते हाताच्या अंतरावर होते आणि तिथूनच परत गेले. पण सिस्टरांचे बरोबर होते, हे मलाही दिसत होते.

मी पुन्हा बाटल्यांच्या कामाला लागले. पंपाच्या खोलीत आता नवा पंप असल्याने अध्यक्षांनी काचेसाठी स्वतःच्या घराखालची जागा दिली. आता ते हॅट घालत नाहीत. शनिवारची फेरी त्यांची असते. पहिल्याच शनिवारी त्यांनी मला सायकलच्या दुकानात नेऊन ब्रेक बसवून घेतला. गल्लीतले लोक आता दुपट्याची वाट बघत नाहीत, उघड्यावरच बाटल्या देतात. दुसरा ट्रक गेला, तिसरा गेला. शेजारच्या गल्लीतल्या बायका येऊन सिस्टरांकडून सगळे समजून घेऊन गेल्या.

आणि परवाची गोष्ट. सूनबाई मुलीला घेऊन मैदानात आल्या होत्या. मी भिंतीशी उभी होते, सिस्टर माझ्यात बरण्या लावत होत्या. मुलगी आईचे बोट सोडून उभी राहिली. पायात काही नव्हते. तिने एक पाऊल टाकले, मग दुसरे, मग तोल गेला म्हणून भराभर चार टाकली आणि धपकन बसली. सिस्टर हातातली बरणी माझ्यात टाकून धावल्या. जुनी सवय. त्यांनी तिचे दोन्ही तळपाय उलटे करून पाहिले, बोटे फाकवून पाहिली, अंगठ्याने चोळून पाहिले. मातीशिवाय काही नव्हते. मुलीला गुदगुल्या झाल्या आणि ती अगदी आईसारखी हसली. पोरगी माझ्यात एकदाही निजली नाही, पण मी तिच्यासाठी काहीच केले नाही असे त्या वेळी मला वाटले नाही.

म्हणून मित्रांनो, एवढेच मागणे आहे. बाटली रिकामी झाली की ती धुवा, झाकण काढा, आणि ती घेणारे कोणी नसेल तर घेणारे शोधा. आमच्याकडे दीड माणसांवर सुरू झाले, तुमच्याकडे एकावरही होईल. भिंतीवरून मात्र टाकू नका. भिंतीपलीकडे कोणीतरी आत्ता चालायला शिकत असते.